बायो जेलमध्ये आहे

"बायो कुठे आहे?" असं कुणी विचारलं की त्या इमारतीत एकच उत्तर मिळायचं, "जेलमध्ये." बरं, तिचे वडील कुठे? तेही जेलमध्ये. नवीन भाडेकरू हे ऐकून जिन्यातच थबकायचे. मग वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकून मोठ्या खुशीत खुलासा करायच्या, "अहो, घाबरू नका. बाप खऱ्या जेलमध्ये पगारी आणि पोरगी प्रयोगशाळेतल्या जेलमध्ये फुकट." यातलं 'फुकट' खरं नव्हतं, पण काकूंना वाक्याचे दोन्ही पाय सारखे लागायचे.

वडील तुरुंगावर शिपाई होते. साहेब वगैरे कधीच झाले नाहीत. 'जेलरसाहेब' ही पदवी गल्लीने दिली आणि त्यांनी ती कधी परत केली नाही. आवाज असा, की "दार लावा" म्हणाले तर शेजारच्या घरातलंही लागायचं. मुलीला हाक मारताना मात्र त्याच आवाजाला लोणी लागायचं. 'बा'वर जरा रेंगाळून, 'यो' हवेत सोडून द्यायचे: "बाऽयो!" आई लवकर गेली, तेव्हापासून ही हाक जरा जास्तच लांबली होती. मुलगी पुढे जीवशास्त्र शिकायला लागली तेव्हा त्यांनी गल्लीभर सांगितलं, "बायोलॉजीच करणार ती. नाव मी पाळण्यातच ठेवलंय."

तिचं जेल म्हणजे दोन मोठ्या काचांच्या फटीत ओतलेला चिकट, पारदर्शक थर. तो घट्ट बसला की वरच्या टोकाला डीएनएचे तुकडे सोडायचे आणि वीज लावायची. बारके तुकडे भराभरा खाली पळतात, मोठे मागे रेंगाळतात आणि शेवटी फोटोत शिडीच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या उमटतात. पण एकदा वीज लावली की जागचं हलायचं नाही. वेळेवर बंद केली नाही, तर बारके तुकडे खालच्या टोकाने निघून जातात, ते कायमचे. म्हणून बायोचा फोन ठरलेला, "बाबा, जेल चालू आहे, उशीर होईल." आणि तिकडून उत्तरही ठरलेलं, "चांगल्या वागणुकीची सूट मिळते का बघ."

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "एवढं काय शोधतेस गं त्यात?"

"एक प्रथिन आहे, बाबा. ते डीएनएवर एका ठराविक जागी जाऊन बसतं. ती जागा कुठली, ते शोधायचंय."

"मग बघायचं की, बसलंय कुठे ते."

"दिसत नाही ना! एवढंसं असतं. म्हणून असं करतात, त्याला बसू द्यायचं आणि मग डीएनएवर कात्री सोडायची. कात्री म्हणजे कापणारं एंझाइम. ती जिथे मिळेल तिथे कापते. फक्त प्रथिन जिथे ठाण मांडून बसलंय, तिथे तिला शिरता येत नाही. मग शिडीत तेवढ्याच पायऱ्या उमटत नाहीत. जागा रिकामी राहते."

"आणि ती रिकामी जागा म्हणजे हा पठ्ठ्या."

"बरोब्बर."

"ही तर आमची संध्याकाळची गिनती," वडील घास हातात धरून म्हणाले. "रांगेत फट दिसली की कोण नाही ते कळतं. यासाठी तुला एवढं शिकवलं?"

प्रयोगशाळेतले सर याच्या अगदी उलट. त्यांना 'हो' म्हणणं जड जायचं. रिकामी जागा लख्ख दिसणारा फोटो बायोने त्यांच्यासमोर धरला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "म्हणजे कसं आहे, छान आहे, म्हणजे छानच आहे असं नाही, पण बघू या. आता एकेक अक्षर बदलून बघू या." डीएनएची अक्षरं चारच. जागेतलं एक अक्षर बदलायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि प्रथिन तिथे बसतं का ते बघायचं. काही अक्षरं बदलली तरी ते खुशाल बसायचं. एखादं मात्र असं निघायचं, की तेवढं बदललं आणि प्रथिन ओळख नसल्यासारखं पुढे निघून गेलं. ते अक्षर म्हणजे खरी ओळख. बायोची दोन वर्षं अशी एकेक अक्षर बदलण्यात गेली, आणि त्याच दोन वर्षांत वडिलांची अक्षरं पुसायला लागली.

आधी किल्ल्या हरवल्या. जन्मभर किल्ल्या सांभाळून निवृत्त झालेला माणूस घरच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात ठेवू लागला. मग वार गेले, मग गल्लीतली माणसं. डॉक्टर दर वाक्याला "वयोमानाप्रमाणे" लावायचे. "विसरणं वयोमानाप्रमाणे वाढेल, चिडणं वयोमानाप्रमाणे होईल, एकटं ठेवू नका." म्हणून दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या. मावशी बोलायला लागल्या की भांड्यांनीसुद्धा आवाज बंद करावा. "साहेब, गोळी! गिळा. गिळली? तोंड उघडा. खोटारडे कुठले!" वडिलांचं आणि त्यांचं छान जमलं. दोघांनाही हुकूम सोडायची हौस.

बायो घरी आली की वडील दार उघडायचे, तिच्याकडे बघायचे आणि क्षणभर डोळ्यांत ओळख दिसायची नाही. मग "बाऽयो" यायचं. उशिरा, पण यायचं. तेवढ्यावर तिचा दुसरा दिवस निघायचा. एवढी एक हाक राहू दे, बाकीचं काय जायचं ते जाऊ दे, असं ती जिना चढताना स्वतःशी म्हणायची.

एका संध्याकाळी बेल वाजली. मावशींचे हात पिठात होते. रोजच्या सवयीने त्या आतूनच ओरडल्या, "साहेब, दार बघा. आल्या बघा जेलमधून!"

वडिलांनी दार उघडलं. बायोकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, जिन्यात डोकावून पाहिलं.

"एकट्याच? बरोबर कोण दिलंय तुमच्या?"

बायोला हसू आलं. "बाबा, पुरे हं."

"या बाई," ते बाजूला सरकत म्हणाले. आवाज हळू होता, नवीन आलेल्यांसाठी राखून ठेवलेला. "आत या. घाबरू नका. इथे कुणी अंगावर हात टाकत नाही. मी आहे."

मावशी पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आल्या. "अहो साहेब, लेक आहे तुमची!" वडिलांनी मावशींकडे अशी नजर टाकली, की नवीन माणसासमोर असली थट्टा बरी नव्हे. मग बायोला खिडकीजवळची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः दाराशी उभे राहिले.

रात्री मावशी निघताना डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, माझी जीभ झडो. पण इतकी वर्षं सगळे हेच म्हणतात हो, जेलमध्ये, जेलमधून! मी काय वेगळं बोलले?" त्या वेगळं काहीच बोलल्या नव्हत्या, आणि आता त्याला इलाज नव्हता. बायोने घरात त्या शब्दाला बंदी घातली. काकूंनाही बजावलं. पण शब्द आपलं काम करून गेला होता. त्या दिवसापासून ती घरात 'बाई' झाली. बायो आणि बाई. फरक किती, तर शेवटच्या एका अक्षराचा.

बाईशी ते फार चांगले वागायचे, हेच सोसत नव्हतं. ताटात अंडं एकच असलं तर तिला वाढायचे. "खा बाई. बाहेर असताना खाल्लं नसेल नीट." कधी खुर्ची जवळ ओढून विचारायचे, "काय केलंत एवढं? नसेल सांगायचं तर नका सांगू." आणि मग अभिमानाने, "माझी मुलगी तुमच्याच वयाची. शास्त्रज्ञ आहे. फार हुशार. तुमच्यासारखी गप्प नाही, घर डोक्यावर घेते." बायो ऐकत राहायची. जगात कुणाचा हेवा करावा, तर तिने स्वतःचाच केला.

मग तिने तेच केलं, जे तिला येत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, बाकी सगळं तसंच.

आधी चष्मा काढला. पूर्वी ती लावत नव्हती. चष्म्याविना ती स्टुलावर धडकली. वडील म्हणाले, "बाई, तुम्हाला दिसत नाही का? भिंतीला धरून चाला." पुढे कधीतरी कॉलेजातला निळा स्वेटर शोधून अंगावर चढवला. त्यावर ते गंभीर झाले. मावशींना ऐकू जाणार नाही अशा बेताने जवळ येऊन म्हणाले, "हा माझ्या मुलीचा आहे. कपाटातून घेतलात? काढून ठेवा गुपचूप, मी वर काही कळवत नाही." तिने काढून ठेवला. केसांचा भांग बदलला, त्यांना काहीच फरक पडला नाही. लहानपणीसारखी दाणदाण पावलं वाजवत आत आली, तर मावशीच दचकल्या. शेवटी तिने सरळ त्यांचे हात धरले आणि म्हणाली, "बाबा, मी बायो."

त्यांनी हात सोडवून घेतले. "कुणाच्या लेकीचं नाव घेऊन असं बोलू नये, बाई."

त्यानंतर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

प्रयोगशाळेत त्याच सुमारास शेवटचं अक्षर तपासायचं राहिलं होतं. वीज लावून बायोने घरी फोन केला, मावशींना जरा थांबायला सांगायचं होतं. फोन वडिलांनी उचलला. विचार न करता, जुन्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, जेल चालू आहे, उशीर होईल."

"बाऽयो!" तिकडून हाक आली. "अगं, चांगल्या वागणुकीची सूट मिळते का बघ!"

ती भिंतीला टेकली. "बाबा?"

"काय गं? आवाज का असा? दमलीस? जेवलीस का?"

ते बोलत राहिले. सर कसे आहेत, अजून "बघू या"च म्हणतात का, असं विचारून त्यांनी सरांची नक्कलही केली. "म्हणजे कसं आहे, म्हणजे तसं नाही." इतकी हुबेहूब, की ती हसली आणि मग तिला तोंडावर हात दाबून धरावा लागला. फोन ठेवायचा तिला धीर होईना. पलीकडे खोलीत जेल चालूच होतं. ती धावत गेली तेव्हा बारके तुकडे सगळे खालून निघून गेले होते. नेमकी हवी होती ती जागा शिडीतच नव्हती. इतक्या वर्षांत तिच्याकडून असं झालं नव्हतं. सरांनी तो अर्धवट फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा छोटं वाक्य बोलले, "उद्या करा. घरी जा."

घरी दार उघडून वडील म्हणाले, "या बाई. आज उशिरा सोडलं?"

म्हणजे कुठेतरी ती जागा शाबूत होती. कात्रीने आजूबाजूचं सगळं कापून नेलं होतं, तेवढी राहिली होती. आता ती नेमकी कुठे, हे शोधायचं. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर सांगितलं, "बाबा, मी कामावर आहे." उत्तर आलं, "कोण बोलतंय?" तिने ठेवला, परत लावला, "बाबा, जेल चालू आहे." "बाऽयो!" मग मावशींना पढवलं. मावशी खालच्या पायरीवर उभ्या राहून आपल्या फोनवर, बायोचा आवाज काढून, गोड गोड बोलल्या, "बाबाऽ, जेल चालू आहेऽ!" वरून साहेबांचा आवाज फोनमधूनही आला आणि खिडकीतूनही, "मावशी, नाटकं पुरे. चहा टाका."

मावशी हसत सुटल्या, मग बायोकडे बघून चहा टाकायला वर गेल्या. मावशींना ते आवाजावरून ओळखत होते.

तर शब्द तिचाच हवा, आवाजही तिचाच हवा, आणि ती समोर नको. तिन्ही जुळलं तरच हाक यायची. ज्या शब्दाने तिला घरातून काढलं, त्याच शब्दात ती अजून वडिलांची मुलगी होती. बायो रोज फोन करू लागली. प्रयोगशाळेतून करायची, आणि सुट्टीच्या दिवशी भाजी आणायच्या निमित्ताने खाली येऊन कोपऱ्यावरून. दारातून बाई म्हणून आत जायचं, बाहेर येऊन बायो म्हणून बोलायचं.

माणूस हावरा असतो. एकदा तिने विचारलं, "बाबा, मी समोर आले तर ओळखाल ना?"

"तुला? अगं, हजारात ओळखीन. हे काय विचारणं झालं?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बायो, ऐक. इथे एक बाई ठेवलीये. मला म्हणते, मीच बायो आहे."

बायोने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी रागावलो तिच्यावर. नंतर वाईट वाटलं. लबाड नाही गं ती. गरीब आहे. रात्री रडते. मला ऐकू येतं, पण काय बोलणार? मी कूस बदलतो."

"तिच्याशी नीट वागा, बाबा."

"नीटच वागतो. पण तिला भेटायला कुणी येत नाही. एवढे दिवस झाले, एक माणूस नाही. तिला बाप नसेल का?" जरा थांबून ते म्हणाले, "तूच ये ना एकदा. तुमचं वय सारखं आहे, तिला बरं वाटेल."

"येते," बायो म्हणाली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मावशी येणार नव्हत्या. दुपारी बायो भांडी घासत होती. मागे वडील येऊन उभे राहिले. त्यांनी कोट घातला होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या होत्या. दाढीही केली होती, हनुवटीजवळ जरा कापलं होतं.

"बाई, हात पुसा. चला."

"कुठे?"

"सुटलात तुम्ही."

दाराजवळच्या टेबलावर त्यांनी तिच्या वस्तू ओळीत मांडल्या होत्या. एकेक उचलून ते मोठ्याने म्हणत तिच्या हातात देत होते, "पर्स, एक. छत्री, एक. फोन, एक. रुमाल, एक, मळका. बघून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही."

"बाबा..."

"मला कळतं. सगळ्यांचंच असं होतं. बाहेर जायची भीती वाटते." त्यांनी दार उघडलं. किती आनंद होता चेहऱ्यावर! तुरुंगावरच्या सगळ्या नोकरीत कुणाला सोडायचा अधिकार त्यांना कधी मिळाला नसावा. "वर कुणाला विचारलं नाही मी. काय व्हायचं ते होऊ दे, मी बघून घेईन. तुम्ही निघा. आणि मागे वळून बघू नका हं, वळून बघितलं की माणूस परत येतो."

ती 'नाही' म्हणू शकली असती. त्यांना धरून आत नेऊन बसवू शकली असती. पण ते दार धरून घाईने जिन्याच्या दोन्ही बाजूंना बघत होते, साहेबलोक यायच्या आत हिला बाहेर काढायला हवं म्हणून. ती चपला घालून बाहेर पडली.

"बाई," त्यांनी मागून हाक मारली, "कुठे जाणार?"

"वडिलांकडे."

"छान," ते म्हणाले. "छान, छान."

रस्त्यावर आल्यावर तिने फोन लावला. वर घरात घंटी वाजायला लागली, उघड्या खिडकीतून तिला स्पष्ट ऐकू येत होती. वडील खिडकीतच उभे होते. ते तिला सांगितल्याविनाही कळलं, कारण वरून हलक्या आवाजात येत होतं, "जा, जा, चालत राहा." घंटी वाजून वाजून थांबली. तिने परत लावला. ते हलले नाहीत. ती दिसते आहे तोवर ते खिडकी सोडणार नव्हते. तिने वळून पाहिलं नाही. ती कोपऱ्यापर्यंत गेली, कोपरा वळली, भिंतीआड झाली आणि मग कुठे फोन उचलला गेला.

"हॅलो?" त्यांना धाप लागली होती.

"बाबा, जेल चालू आहे."

"बाऽयो! अगं, आज काय झालं माहितीये? त्या बाईला सोडलं मी. आत्ताच गेली. एकदाही वळून बघितलं नाही तिने, शहाणी."

"बरं केलंत, बाबा."

"आता इथे कुणी नाही. तू ये. येतेस का? किती दिवस झाले, तू घरीच आली नाहीस."

"येते," ती म्हणाली. "दाराची कडी तेवढी लावून घ्या, आणि गॅसला हात लावू नका."

"गॅसला नाही लावत. पण कडी कशाला? मी दारातच बसतो. लवकर ये."

फोन बंद झाला. कोपऱ्यावरचं दुकान सुट्टीमुळे बंद होतं. बायो त्याच्या पायरीवर बसली. वर जायलाच हवं होतं, त्यांना एकटं ठेवून चालणार नव्हतं. तिने छत्री उघडली, मिटली. उठली आणि पुन्हा खाली बसली. वर ते दारात खुर्ची टाकून बसले असतील, आणि जिन्यात पावलं वाजली की त्यांना दिसणार होती ती सोडून दिलेली बाई, परत आलेली.